सोळा नंबरची तार

बडनेरा रोडवर देवमनचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रॅक्टर, मेटॅडोर, जीप, ज्याच्यात म्हणून बॅटरी आहे ते सारं तो दुरुस्त करी. पण २००६ सालच्या त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर दुकानी येईनासे झाले होते. कापसाला भाव नव्हता, सरकी काढायच्या अर्ध्या जिनिंगा बंद होत्या. दिवा फुटला तर लोक ट्रॅक्टर अंधार पडायच्या आत घरी न्यायचे, पण दुरुस्तीला टाकायचे नाहीत. देवमन सकाळी शटर वर करी आणि स्टुलावर बसून रस्त्याकडे पाहत राही.

अशातच एका दुपारी खुशालराव आपली जुनी जीप घेऊन आले. हॉर्न वाजत नव्हता. देवमननं वायर जोडून दिली. खुशालरावांनी दोनदा हॉर्न वाजवून पाहिला आणि बैलगाडीबद्दल विचारावं तसं विचारलं, "माझ्याकडे एक लहान विमान आहे. त्याचे दिवे करून देशील का?"

देवमननं त्यांना जीपमधून उतरतानाच ओळखलं होतं. तीस वर्षांत केस पांढरे झाले, पाठ वाकली, पण ती मान तिरकी करून बोलायची सवय तीच होती. खुशालरावांनी मात्र त्याला ओळखलं नाही. देवमनही काही बोलला नाही. त्याच्या मनात आलं, पाहू, यांना आपण होऊन आठवतं का.

तीस वर्षांपूर्वी कपाशीवर फवारणी करायला विमानं यायची. अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरून ती उडत. खुशालराव तेव्हा त्यातलंच एक विमान चालवत. देवमन आणि नबी दोघं अकोल्यात कासम उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होते. विमानाची बॅटरी उतरली की दोघं एकाच सायकलवर जात, बॅटरी कॅरिअरला बांधून आणत, रातभर चार्जिंगला लावून सकाळी परत नेऊन देत. एका सकाळी पायलट साहेब खुशीत होते. म्हणाले, "चला, एकाला चक्कर मारून आणतो. जागा एकाचीच आहे."

नबी एक पाऊल पुढे होता, एवढंच. तो वर चढून बसलासुद्धा. देवमन सायकल धरून उभा राहिला. कॅरिअरवर उतरलेली बॅटरी होती. हात सोडला तर सायकल आडवी पडली असती, म्हणून त्याला वर पाहून हातही हलवता आला नाही.

दहा मिनिटांत विमान खाली आलं. पण देवमनच्या मनातून ते कधी उतरलं नाही. पुढे उस्तादांच्या तोंडी सदा नबीचंच नाव. नबीचा हात साफ, नबीचं वाइंडिंग पाहा, नबीसारखं कर. नबीनं अकोटला जिनिंगांच्या शेजारी दुकान टाकलं आणि देवमन अमरावतीला निघून आला. अकोल्यात उठता-बसता नबीचं कौतुक ऐकावं लागे म्हणून आपण गाव सोडलं, हे त्यानं बायकोला, जमुनालाही, कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता तेच साहेब, तसलंच विमान, आणि काम एकट्या देवमनला. नबी यात कुठं नव्हता.

विमान नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर खुशालरावांच्या शेतात टिनाच्या शेडमध्ये उभं होतं. कुठल्याशा लिलावातून त्यांनी ते उचलून आणलं होतं. फवारणीचंच विमान, दोन माणसांचं. पंखांवर कापड ताणून रंगवलेलं. इंजिन दुरुस्तीला नागपूरला गेलं होतं. बॅटरी आणि दिवे इंजिनाबरोबरच येणार होते. तोवर आतल्या सगळ्या तारा नव्यानं टाकायच्या होत्या. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा, आणि डाव्या पंखात उतरताना लावायचा मोठा दिवा.

देवमननं बाजारातली सगळ्यात चांगली मोटारीची तार आणली. तांब्याची, मऊ, लाल, हिरव्या, काळ्या रंगाची. चार दिवस खपून त्यानं डावा पंख पुरा केला. तारा अशा ओळीनं बांधल्या की कुणी वेणी घालावी. खुशालराव येऊन पाहत आणि मान डोलवत. देवमनला वाटे, आता विचारतील, तू शिवणीला यायचास का रे?

पाचव्या दिवशी ते एका मुलीला घेऊन आले. बावीस-तेवीस वर्षांची, डोक्यावर ओढणी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी.

"ही निखत," खुशालराव म्हणाले. "विमान दुरुस्तीचं शिकली आहे नागपूरला. तिचे इंजिनिअर साहेब शेवटी येऊन तपासतील आणि सही करतील. तोवर काम ही पाहील. अरे, मी अकोटला एका जुन्या माणसाच्या शोधात गेलो होतो. नबी म्हणून. आमच्या विमानाच्या बॅटऱ्या चार्ज करायचा. त्याला चक्कर मारून आणली होती मी. बिचाऱ्याची नजर गेली आहे शुगरनं, पण पोरगी पाहा कशी निघाली."

देवमनच्या हातातली पक्कड तशीच राहिली. साहेबांना सगळं आठवत होतं. चक्कर आठवत होती, गाव आठवत होतं. नबीला शोधत ते अकोटपर्यंत गेले होते.

"त्याच्यासोबत आणखी एक जण असायचा," खुशालराव पुढे म्हणाले. "नाव काय त्याचं, विसरलो."

निखतनं देवमनकडे पाहिलं. "हेच ते, साहेब. देवमनकाका. अब्बा सांगतात यांच्याबद्दल. तुम्ही वाटेत नाव घेतलंत तेव्हाच ओळखलं मी."

"असं?" खुशालराव म्हणाले. "वा वा." आणि ते पंखाकडे वळले.

निखतनं डाव्या पंखातली तार हातात घेतली. पिशवीतून पातं काढून टोकाशी थोडी सोलली, वास घेतला, नखानं दाबली. मग हळूच म्हणाली, "काका, बांधणी एकदम सुंदर हाय. पण ही तार इथं नाई चालणार."

"काहून नाई चालणार? असली तांबं हाय. वीस वर्स ट्रॅक्टरमंधी टिकते."

"तांबं चांगलंच हाय. वरचं कव्हर पीव्हीसीचं हाय. आग लागली तं त्याचा धूर होते, अन् थो धूर इखारी असते. जिमिनीवर गाडी थांबवून मानूस उतरू शकते. वर कोठी उतरन? अन् हे तांबं उघडं हाय, काळं पडते. इमानात कल्हई केलेल्या तांब्याची तार लागते."

तिनं पिशवीतून हातभर तुकडा काढून दाखवला. पांढरा, बारीक, कडक. आतले धागे चांदीसारखे. कव्हरावर बारीक अक्षरांत नंबर छापलेला.

"सगळ्या पांढऱ्याच?" देवमन म्हणाला. "मंग लाल दिव्याची कोनती अन् हिरव्याची कोनती, कसं समजन?"

"दर तारेले नंबर द्याचा, काका. दोन्ही टोकाले."

खुशालरावांनी एवढंच विचारलं, "मग हे सगळं काढावं लागेल?"

"हो साहेब."

देवमननं चार दिवसांची वेणी अर्ध्या तासात कापून काढली. कुणी त्याला घाई केली नव्हती, पण त्यानं ती अशी कापली जणू एखाद्याचा गळा कापतो आहे.

घरी गेल्यावर त्यानं जेवणही धड केलं नाही. सकाळी त्यानं परसात स्टोव्ह पेटवला आणि दोन्ही तुकडे, मोटारीच्या तारेचा आणि निखतकडून आणलेला पांढरा, चिमट्यात धरून जाळून पाहिले. मोटारीच्या तारेचा काळा धूर उठला, कव्हर वितळून टपटप गळलं, आणि भांडी घासणारी जमुना पदर तोंडाला लावून खोकत उठली. "काय जाळून राहिले जी सकाळीच?"

पांढऱ्या तुकड्यानं काही केल्या पेट घेतला नाही. नुसता तांबूस झाला.

देवमन कितीतरी वेळ ते दोन तुकडे समोर ठेवून बसला. पोरगी चुकली असती तर त्याला राग आला असता, आणि राग उतरतोही. पण ती बरोबर निघाली होती, आणि त्याला उतार नव्हता. शिवाय ती नबीची होती. नबीनं डोळे गेल्यावरही आपला हात पुढे पाठवून दिला होता.

त्यानं काम सोडलं नाही. दुकानात बसून करायचं तरी काय होतं? तो रोज जाई, निखतच्या हाताखाली काम करी. ती त्याला सोल्डर लावू देत नसे. टोकं एका खास पकडीनं दाबून बसवायला तिनं शिकवलं. "सोल्डर केलं का तार तिथं कडक होते, काका, अन् हादऱ्यानं तुटते." ती समजावून सांगे, कधी आवाज चढवत नसे, चहा आला की पहिला कप त्याला देई. हे सगळं देवमनला आणखीच बोचे. ती उर्मट असती तर बरं झालं असतं.

खुशालराव दुपारी येऊन शेडमध्ये खुर्ची टाकून बसत. "निखत बेटा, हे कसं? निखत बेटा, ते कसं?" देवमनला ते "अरे, जरा तो दिवा धर," एवढंच म्हणत.

एके दिवशी निखत वही घेऊन तारांची जाडी ठरवत बसली होती. बारक्या दिव्यांचं सोपं होतं. अडलं ते मोठ्या दिव्यापाशी. अडीचशे वॅटचा दिवा. बॅटरी चोवीस व्होल्टची असेल तर दहा अँपिअर करंट लागणार, तर सोळा नंबरची तार पुरे. बॅटरी बाराची असेल तर करंट दुप्पट, मग बारा नंबरची जाड तार हवी. या तारांचं उलटं असतं, नंबर मोठा तितकी तार बारीक.

"साहेबाले इचारलं," ती देवमनला म्हणाली. "ते म्हनते, त्याइच्या कंपनीत दोन्ही जातीचे इमानं व्हते, ह्याचं आठवत नाई. माह्याजवळचं पुस्तक चोवीसचं हाय, पन थे नंतरच्या इमानाचं. रातच्याले अब्बाले फोन केला. अब्बा म्हने, देवमनले इचार. बॅटरीचं थोच पाहे, मी वाइंडिंगवर राहो. बॅटरीत देवमनच्या हाताले तोड नाई म्हने."

देवमनला ती बॅटरी डोळ्यांसमोर दिसली. या विमानाच्या शेपटीवरचा जुना नंबर त्यानं पहिल्याच दिवशी ओळखला होता. त्याच विमानाची बॅटरी त्यानं कितीदा तरी उचलली होती. वर सहा बुचं. सहाही उघडून तो त्यांत डिस्टिल्ड वॉटर घाली. सहा बुचं म्हणजे सहा घरं, सहा घरं म्हणजे बारा व्होल्ट. यात चूक व्हायला जागाच नव्हती.

तिकडे खुर्चीतून खुशालराव म्हणाले, "अरे, विमान चुकलं तरी ही पोरगी चुकायची नाही. बापासारखी आहे."

देवमननं मान खाली घातली. विड्याचं पान पुसावं तसा पकडीला फडका फिरवला.

"चोवीस असन," तो म्हणाला. "पुस्तकात लिवलं हाय ना तेच."

निखतनं वहीत सोळा लिहिलं.

बंगलोरहून तारेची रिळं आली. दोघांनी मिळून ती पंखातून ओढली. सोळा नंबरची तार मोठ्या दिव्याकडे नेताना देवमनच्या बोटांना ती चांगलीच बारीक लागत होती. तो मनाशी म्हणे, लागू दे. एकदा साहेबांच्या डोळ्यांदेखत दिवा मिणमिणला म्हणजे समजेल, पुस्तक काय आणि अनुभव काय. त्याला तिचं वाईट व्हायला नको होतं. फक्त एकदा, एकदाच, तिची मान खाली गेलेली त्याला पाहायची होती. असं तो स्वतःला सांगे.

जुलै संपता संपता नागपूरची माणसं इंजिन आणून बसवून गेली. सोबत दिव्यांची खोकी आणि बॅटरी. त्या दिवशी निखत नागपूरला परीक्षेला गेली होती. येताना ती नव्या फ्यूजा आणणार होती. खुशालरावांना मात्र धीर निघेना.

"देवमन, जोडून तर पाहू. जुना फ्यूज आहे ना तिथं?"

देवमननं बॅटरीचं झाकण काढलं. सहा बुचं. तो थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. जुना फ्यूज पंचवीस अँपिअरचा होता, हेही त्याला दिसत होतं. निखतच्या हिशोबाचा नवा, लहान फ्यूज असता तर दिवा लावताच उडाला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. हा जुना उडणार नव्हता. त्यानं दिवे बसवले, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं.

पंखांची टोकं लाल आणि हिरवी झाली. शेपटी पांढरी झाली. मग मोठा दिवा लागला, पण त्याचा उजेड शेणानं सारवलेल्या भिंतीसारखा पिवळट. देवमन वाट पाहू लागला. आता साहेब म्हणतील, हे काय रे असं?

खुशालराव खुर्चीतून उठले. ते जवळ गेले, दिव्यापुढे हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तीस वर्षांनी पाहतो आहे मी हा दिवा लागलेला," ते म्हणाले. "काय काम केलंय पोरीनं. उद्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावतो. गावातले, अमरावतीचे. इंजिन चालू करून, सगळे दिवे लावून तासभर शेतात फिरवतो. निखत उद्या परत येईल, तिला आश्चर्याचा धक्का देऊ. बसेलही ती माझ्या शेजारी."

देवमननं बटण बंद केलं. त्यानं पंखाच्या बुडाशी हात घालून तार चाचपली. पाच मिनिटं झाली नव्हती, तरी ती भाकरीच्या तव्यासारखी तापली होती. पंखाला कापड होतं. कापडाच्या आत दोन वितींवर पेट्रोलची टाकी होती.

त्यानं जे ठरवलं होतं ते तसं घडलंच नव्हतं. मान कुणाची खाली गेली नव्हती. उलट तिचं कौतुकच झालं होतं, आणि आता तिला त्या विमानात बसवायची गोष्ट चालली होती.

"साहेब, उद्या नाई करता येनार," तो म्हणाला. "मोठ्या दिव्याची तार बारीक हाय."

खुशालराव हसले. "तुला पोरीचं पाहवत नाही, देवमन. मी काही आंधळा नाही. पहिल्या दिवसापासून तुझं तोंड पाहतो आहे."

त्यांना एवढं दिसत होतं, याची देवमनला कल्पना नव्हती. मग त्यानं वृद्ध माणसाचा हात सरळ मनगटाला धरला आणि पंखाच्या बुडाशी तारेवर नेऊन ठेवला. खुशालरावांनी झटकन हात मागे घेतला. देवमननं मीटर आणलं, बटण पुन्हा दाबलं, आधी बॅटरीला लावून दाखवलं, मग दिव्याला. बॅटरीपाशी बारा, दिव्यापाशी दहा. मधले दोन व्होल्ट तार तापवण्यात चालले होते.

खुशालरावांचा चेहरा बदलला. "म्हणजे पोरीनं चूक केली. एवढी मोठी चूक. पेट्रोलच्या टाकीशेजारी." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "थांब, विचारतोच तिला. इंजिनिअर साहेबांनाही सांगतो."

हेच तर देवमनला हवं होतं. तीन महिने हवं होतं. तो ते होऊ देऊ शकत होता. एक शब्द बोलायची गरज नव्हती, नुसतं उभं राहायचं होतं.

"तिले काई बोलू नका," तो म्हणाला. "तिनं मले इचारलं व्हतं, बाराची का चोवीसची. मी चोवीस सांगतलं. मले माहीत व्हतं बाराची हाय. ह्याच इमानाची बॅटरी मी सायकलवर वाहत जाओ."

खुशालरावांनी फोन खाली घेतला. मग विचारलं, "काहून?" इतक्या वर्षांच्या शुद्ध बोलण्यात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच वऱ्हाडी निघालं.

देवमननं वळून अजून जळत असलेला दिवा बंद केला. काय सांगणार होता? की तुम्ही माझं नाव विसरलात?

"उद्यापासून येऊ नको," खुशालराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी निखत दुकानी आली. बसली नाही. बाहेर उभी राहूनच बोलली. "साहेबानं सांगतलं मले. चूक माहीबी हाय. बॅटरी डोळ्यानं पाह्यल्याबिगर तार घ्याले नाई पाह्यजे व्हती. आमाले पयला धडा थोच शिकवते. पन काका, मी तुमच्या भरोशावर लिवलं व्हतं."

"हो," देवमन म्हणाला.

"बारा नंबरची तार मांगवली मी. डाव्या पंखातून थे ओढाची हाय. कापड फाटू न देता ओढणारा दुसरा मानूस मले अमरावतीत माहीत नाई. साहेब नाई म्हनते. मी त्याइले म्हटलं, मंग मीबी नाई येत." ती थोडं थांबली. "माफ केलं म्हून नाई आली मी. काम अडलं म्हून आली. अन् अब्बाले मी काई नाई सांगतलं. थे तुमी सांगा."

देवमन गेला. चार दिवस दोघं जवळजवळ न बोलता काम करत होते. जाड तार पंखातून ओढताना त्याची बोटं सोलून निघाली, पण कापडाला ओरखडाही आला नाही. नागपूरचे इंजिनिअर साहेब आले, त्यांनी एकेक टोक ओढून पाहिलं, मीटर लावलं आणि कागदावर सही केली. कागदावर काम करणाऱ्याच्या रकान्यात निखतचं नाव होतं. देवमननं ते वाचलं. तीच जुनी सल पुन्हा टोचली. ती गेली नव्हती, आणि जाईल असं त्याला वाटलंही नाही.

पुढच्या रविवारी तो एसटीनं अकोटला गेला. नबीचं दुकान बंद होतं, शेजारच्या जिनिंगच्या फाटकालाही कुलूप. नबी घरी ओट्यावर बाजेवर बसला होता. देवमनचा आवाज ऐकताच त्यानं बाजेवर हातानं जागा दाखवली. नबीची बायको हलीमाबी पाणी ठेवून आत गेली.

देवमननं इकडचं तिकडचं काही बोलून घेतलं नाही. बॅटरी, सोळा नंबर, तापलेली तार, जसं झालं तसं सगळं सांगून टाकलं. नबी न हलता ऐकत होता.

"माह्यी पोरगी बसली असती त्याच्यात," शेवटी नबी म्हणाला.

"हो."

"तू पयल्यापासून तसाच हाय, देवमन. जळकुकडा. मले उस्तादाच्या टायमापासून माहीत हाय." त्याच्या आवाजात राग होता, तो त्यानं लपवला नाही. रस्त्यावरून एक रिकामी बैलबंडी खडखडत गेली. मग नबीनं आपली न दिसणारी नजर त्याच्याकडे वळवली.

"आता आलाच हाय तं सांग," तो म्हणाला. "तिनं काम कसं केलं? ती मले नीट सांगत नाई. अन् मले तं आता दिसत नाई."

नबीच्या चेहऱ्यावर आत्ताच, काही ऐकायच्या आधीच, अभिमानाची झाक आली होती आणि ती देवमनला पाहवत नव्हती. पण तो सांगू लागला. टोकं कशी दाबून बसवली, दर तारेला नंबर कसा दिला, गाठी किती अंतरावर बांधल्या, शेपटीकडे वळताना तार कशी सैल ठेवली की हादऱ्यानं ताण येऊ नये, नागपूरच्या साहेबांनी ओढून पाहिलं तेव्हा एक टोकही कसं हललं नाही. काहीच कमी करून सांगितलं नाही. नबी मधूनच विचारी, "अन् वळणावर? वळणावर काय केलं तिनं?" आणि देवमन त्याचा हात धरून, त्याच्या तळव्यावर बोटानं पंखाचं वळण काढून दाखवी.